रोमानियाचं गाणं

मी तेव्हा शिरूरमधल्या एका शाळेत गॅदरिंगचे डान्स बसवायचे. नोकरी अशी नव्हती. दिवाळी संपली की शाळेतून बोलावणं यायचं, आणि बाकीचं वर्ष मी कॉलेजात बी.ए. करायचे. आमचं गाव घोड नदीच्या कडेला, उसाचं आणि कांद्याचं. माझ्या वडिलांना, आबांना, पोरीनं नाच शिकवावा हे मुळीच पसंत नव्हतं, पण शाळेतलं काम म्हटल्यावर ते गप्प बसायचे.

त्या वर्षी सातवीच्या मुलींचं गाणं ऐन वेळी बदलावं लागलं. मुख्याध्यापकांनी तालीम बघितली आणि या गाण्यातले शब्द पालकांपुढं बरे दिसणार नाहीत म्हणाले. मुली रडकुंडीला आल्या. साऊंड लावायला दौंडहून एक जण आला होता. मंडपात वायरी पसरून बसला होता आणि सगळं ऐकत होता. माझ्यापेक्षा दोनतीन वर्षांनी मोठा असेल. तो उठून आला आणि म्हणाला, "मॅडम, ज्याचे शब्दच कुणाला कळणार न्हाईत असं गाणं देऊ का?"

त्यानं पेन ड्राइव्ह लावला आणि ते गाणं वाजलं. ते मी आधी ऐकलेलं होतं. सगळ्यांनीच ऐकलं होतं. मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचे ते दिवस, आणि हे गाणं प्रत्येक कार्डात असायचं. एसटीत कुणाचा तरी फोन वाजला की हेच. आम्ही त्याला नुसतं 'इंग्लिश गाणं' म्हणायचो. पण ते इंग्रजी नाही, रोमानियाचं आहे, हे मला त्यानं त्या दिवशी सांगितलं. एका मुलीनं म्हटलेलं, आणि तिच्या आयुष्यातलं पहिलंच. पहिल्याच गाण्यात ती फ्रान्समध्ये गाजली, स्पेनमध्ये गाजली, तुर्कस्तानात गाजली, असं तो बोटांवर मोजत सांगत होता. "आन् आता शिरूरला," तो म्हणाला.

त्या गाण्यात एक ओळ पुन्हा पुन्हा यायची. मला ती 'मी दूर, मी दूर' अशी ऐकू यायची. परकं गाणं आणि मधेच हे दोन मराठी शब्द. मग मी मुलींना तिथं तशीच स्टेप दिली, कपाळावर आडवा हात धरून लांब कुठंतरी बघायचं. पंचवीसेक मुली एकदम तसं बघायला लागल्या की अंगावर काटा यायचा. गॅदरिंगला टाळ्या थांबेनात. मुख्याध्यापकांनी ते दुसऱ्यांदा करायला लावलं.

साऊंडवाला त्यानंतर दर दोनचार दिवसांनी मला एखादं गाणं पाठवायला लागला. मग गाण्यांशिवायही मेसेज यायला लागले. तो दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढला होता. वडील रेल्वेत होते, ते गेल्यावर क्वार्टर सोडावं लागलं आणि मायलेक गावातल्या एका वॉर्डात दोन खोल्यांत राहायला आले. घरावर निळा झेंडा होता. आमच्या घरात ही गोष्ट कळली तेव्हा आबांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी फक्त माझ्या आईला सांगितलं, तिला म्हणावं, गेली तर माघारी यायचं न्हाई. मी पलीकडच्या खोलीत होते आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजातच ते बोलले होते.

मी गेले. लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं, आणि संध्याकाळी सासूबाईंनी घरीच वंदना ठेवली. वस्तीतल्या बायका आल्या, त्यांनी पांढरी साडी नेसलेल्या मला मधे बसवलं. सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी एक सांगितलं. या घरात कोणी कुणाच्या पाया पडत नाही आणि पोरगं तुला काही बोललं तर पहिलं मला सांगायचं. सांगायची वेळ कधी आली नाही. सासूबाईंना मी आई म्हणायचे. त्यांच्यापुढं मी त्याला अहो म्हणायचे आणि दोघंच असलो की अरे. एकदा चुकून त्यांच्यादेखत अरे निघालं, तर त्या म्हणाल्या, "मला म्हाईत हाय गं. किती दिवस ऐकतीया मी."

पुढची दहा वर्षं आमची साऊंडवर गेली. मी दौंडच्या एका शाळेत डान्स आणि पी.टी. शिकवायला लागले. तो लग्नं, हळदी, मिरवणुका, गावजत्रा करायचा. पाटस, केडगाव, न्हावरा, कुठूनही बोलावणं आलं की टेम्पो निघाला. वरात कुणाचीही असो, ते रोमानियाचं गाणं एकदा तरी लावायचा. लोकांना त्याचा कंटाळा आला तरी लावायचा. त्याखाली त्यानं हलगी मिसळली होती, त्यामुळं म्हाताऱ्यांनाही ते आपलंच वाटायचं. त्या गायिकेचं दुसरं गाणं आमच्यापर्यंत कधी आलं नाही. मी म्हणायचे, एकाच गाण्याची बाई ती. तो म्हणायचा, एक तर एक, माझं एकबी न्हाई. त्याला स्वतःचं गाणं करायचं होतं. घरात कॉम्प्युटर होता, जुना कीबोर्ड होता, आणि दुपारची कामं नसली की तो कानाला हेडफोन लावून बसायचा. मला ऐकव म्हटलं की अजून झालं नाही म्हणायचा.

आम्हाला मूल झालं नाही. दोनदा राहिलं आणि दोन्हीदा गेलं. दुसऱ्या वेळी दवाखान्यातून घरी आलो तेव्हा तो रडला नाही, पण नंतर महिनाभर त्यानं साऊंडची एकही सुपारी घेतली नाही. त्या महिन्यात मी पहिल्यांदा आमच्या गल्लीत शांतता ऐकली.

मग लॉकडाऊन लागलं. लग्नं पन्नास माणसांत व्हायला लागली आणि साऊंड बंद झाला. पहिलं जनरेटर गेलं, मग स्पीकर, शेवटी टेम्पो. तो शिक्रापूरला एका कारखान्यात कंत्राटी कामावर लागला. तिथंच चार जणांत खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला दौंडला यायचा. रस्त्यावर अख्खा दिवस ट्रक, कपड्यांना कायम धुळीचा वास. तिथल्या एका मजुराकडून त्याला कळलं की परदेशात कामाला माणसं पाहिजेत. कुठं, असं त्यानं विचारलं, आणि त्या माणसानं देशाचं नाव सांगितलं.

त्या रविवारी तो घरी आला तो हसतच. मला म्हणाला, "कुठं बोलावलंय सांग." मी दुबई म्हटलं, कतार म्हटलं. त्यानं मान हलवली आणि फोनवर ते गाणं लावलं. मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मीसुद्धा हसले. सासूबाई आतून विचारत होत्या काय झालं म्हणून. जगात एवढे देश, आणि हाच निघावा. आम्हाला तो शुभशकुन वाटला. मी त्याला जाऊ नको म्हटलं नाही. दोन वर्षांचा करार होता, आणि दोन वर्षं म्हणजे काय, असं आम्ही तिघंही एकमेकांना सांगत होतो.

तो गेला तेव्हा सासूबाईंनी त्याच्या बॅगेत लसणाच्या चटणीची मोठी बरणी घातली. प्लास्टिकची, वर दोन पिशव्या बांधून. एअरपोर्टवर काढून घेतील म्हणून तो नको म्हणत होता. कुणी काढून घेतली नाही.

काम पावाच्या कारखान्यात होतं. मोठमोठ्या भट्ट्या, पट्ट्यावरून येणारे पाव, ते क्रेटमध्ये भरायचे. राहायला कारखान्याच्या मागं खोल्या होत्या, एका खोलीत तो आणि गोरखपूरकडचा एक जण. पहिला बर्फ पडला तेव्हा त्यानं मला शाळेच्या वेळेत व्हिडिओ कॉल केला. मी वर्गाबाहेर येऊन बघितलं. त्यानं बर्फ हातात घेतला होता आणि हात लाल झाला होता. पाचवीच्या मुली दारातून डोकावत होत्या, तर त्यानं त्यांनाही दाखवला.

तिथं गेल्यावर महिनाभरानं त्यानं ते गाणं लोकांना ऐकवलं. जेवणाच्या सुट्टीत फोनवर लावलं तर सगळे हसायला लागले. हे किती जुनं, आता कोण ऐकतं हे, असं म्हणाले. पण त्यांची सुपरवायझर बाई, पन्नाशीची, ती थांबली. तिनं मोडक्या इंग्रजीत विचारलं, तुझ्या गावात हे कसं आलं? त्यानं सांगितलं, माझ्या गावात हे हजारो वेळा वाजलंय, मीच वाजवलंय. तिचा विश्वास बसेना. मग त्यानं तिला जुना व्हिडिओ दाखवला, न्हावऱ्याच्या एका वरातीचा. फेटे बांधलेली माणसं, पुढं घोडा, आणि वर त्यांच्या भाषेतलं गाणं. ती बाई बराच वेळ बघत राहिली. तिनं सांगितलं की ही मुलगी पहिल्यांदा गायली तेव्हा इथं कुणी विचारलं नाही. बाहेरच्या देशांत गाजली, मग इथल्या लोकांनी ऐकलं. त्यानं मला हे सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात अभिमान होता, जणू ते गाजवण्यात त्याचाही हात होता. मला वाटतं, होताच.

त्याच बाईला त्यानं माझ्या ओळीचा अर्थ विचारला. मला फोन केला तेव्हा तो आधी नुसताच हसत होता.

"तुझं ते 'मी दूर' हाय ना," तो म्हणाला, "ते 'म्ये दोर' हाय. त्यांच्यात त्याचा अर्थ येगळा."

"काय?"

"आठवण येती."

"कुणाची?"

"ते कुणाची ते पुढच्या ओळीत हाय म्हणं," तो म्हणाला आणि मग हसायचा थांबला. "मला तुझी येती."

आमच्यात असं बोलायची पद्धत नव्हती. मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. बहुतेक जेवलास का असंच काहीतरी विचारलं असेल.

दुसरा हिवाळा लागला. परत यायला थोडेच महिने उरले होते. शाळेत गॅदरिंगची तालीम चालू होती. एक दिवस सकाळी प्रार्थना होऊन मी मुलींना मैदानात उभं केलं, गाणं लावलं आणि फोन वाजला. नंबर त्याचाच होता. एवढ्या सकाळी तिकडं अजून उजाडलेलंही नसतं, म्हणून मला नवल वाटलं. मी हॅलो म्हटलं तर त्याचा आवाज नव्हता. त्याच्या खोलीतला तो गोरखपूरचा माणूस होता. त्यानं दोनदा भाभी, भाभी म्हटलं. मग म्हणाला, "भाभी, भैया उठ नहीं रहे।"

मी म्हटलं, उठवा ना. त्यांना शिफ्ट असेल. मी हे अगदी सरळ म्हटलं. त्याला हाक मारा, त्याची झोप जड आहे, पायाला हलवा. तो माणूस पलीकडं रडायला लागला तेव्हा मला कळलं की तो काय सांगतोय. स्पीकरवर गाणं चालूच होतं, आणि मुली माझ्याकडं बघत एकेक करून थांबत गेल्या.

झोपेतच गेला होता. हृदय बंद पडलं, असं तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलं. चाळिशीही झाली नव्हती.

त्यानंतरचे दिवस कसे होते ते मला अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. माणूस गेलाय, पण घरात काहीच नाही. रडायला पुढ्यात देह नाही, न्यायला काही नाही, विधी नाही. लोक येऊन बसायचे आणि काय करावं हे न कळून उठून जायचे. कागद या कचेरीतून त्या कचेरीत जात होते. वस्तीतली दोन माणसं पुण्याला, मुंबईला खेटे घालत होती. आज निघेल, उद्या निघेल, असं रोज ऐकायचं. सासूबाई सकाळी उठून स्वयंपाक करायच्या. तिघांचा. तो परदेशी गेल्यापासून त्या दोघींचाच करत होत्या, पण त्या दिवसांत भाकरी मोजून तिघांच्या व्हायला लागल्या. तिसऱ्याच्या भाकरी आम्ही संध्याकाळी गल्लीतल्या कुत्र्यांना घालायचो.

मी त्याचा फोन लावून बघायचे. आधी वाजायचा, मग बंद लागायला लागला. एकदा मी त्याला मेसेज पाठवला, आईंना बरं नाही म्हणून. का पाठवला ते ठाऊक नाही. आईंना खरंच ताप होता, आणि घरात काही झालं की त्याला कळवायचं ही सवय होती.

शेवटी पेटी आली. मुंबईहून अँब्युलन्स निघाली ती पुण्यावरून दुपारच्या सुमाराला दौंडला पोचली. गल्लीत ती वळेना, म्हणून माणसांनी खांद्यावर पेटी आणली. बाहेरून लाकूड, आतून पत्र्याची, चारी बाजूंनी सोल्डरचा डाग देऊन बंद केलेली. कडेला त्यांच्या भाषेतलं छापील लेबल. ती भाषा मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेली बघत होते.

अँब्युलन्सबरोबर आलेला माणूस म्हणाला, पेटी उघडू नका, बरेच दिवस झालेत. सासूबाई म्हणाल्या, "मी तोंड बघितल्याबिगर देणार न्हाई." त्या जोरात बोलल्या नाहीत. रेल्वेच्या शेडमध्ये फिटर असलेले एक मामा शेजारी राहायचे. ते घरी गेले आणि कटर घेऊन आले. पत्रा कापायला बराच वेळ लागला. त्या आवाजानं लहान मुलं लांब पळाली. मामा कापत होते आणि त्यांचे डोळे गळत होते, आणि त्यांना हात थांबवून पुसता येत नव्हते.

त्याचा चेहरा त्याचाच होता. थोडा काळवंडलेला. तिथल्या लोकांनी त्याला कोट घालून पाठवलं होतं. आमच्या लग्नातही त्यानं कोट घातला नव्हता.

भीमेच्या काठी त्रिशरण-पंचशील म्हणून अग्नी दिला. त्या गर्दीत, अगदी मागं, बाभळीपाशी मला आबा दिसले. पांढरी टोपी, हातात पिशवी. शिरूरहून एसटीनं आले असणार. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा बघत होते, आणि ते म्हातारे झाले होते. सगळं झाल्यावर सासरच्या नात्यातल्या एकानं त्यांना ओळखलं आणि घरी आणलं. ते ओट्यापर्यंत आले. सासूबाईंनी स्वतः उठून त्यांच्यासाठी चहा आणला आणि कप ओट्यावर ठेवला. आबा उभेच होते. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "तब्येत संभाळ." चपला त्यांनी काढल्याच नव्हत्या. ते वळले आणि गेले. चहावर साय धरली. मला राग यायला हवा होता, पण त्या दिवशी मला राग येण्याएवढं काही उरलं नव्हतं. सासूबाईंनी कप उचलला आणि चहा मोरीत ओतला.

त्याची बॅग आठवड्यानं आली. त्यात चटणीची बरणी होती, तळाला थोडी उरलेली. इतके महिने त्यानं ती पुरवली होती. सासूबाईंनी ती बरणी जेवताना पुढ्यात घेतली, रोज बोटावर घेऊन चाटली आणि संपवली. मला दिली नाही. मीही मागितली नाही.

त्याच्या कॉम्प्युटरमध्ये गाणं होतं का, असं मला लोक विचारतात. होतं. मी वस्तीतल्या एका मुलीला बसवून शोधलं. नऊ-दहा तुकडे निघाले, कुठं नुसती हलगी, कुठं कीबोर्डचे चार सूर, एका ठिकाणी त्याचं खोकणं आणि 'हॅलो, चेक'. त्यातून गाणं होत नाही. दोघांना दाखवलं, ते म्हणाले, यावर काहीतरी करता येईल. मी नको म्हटलं. दुसऱ्या कुणी पुरं केलं तर ते त्याचं राहणार नाही.

शाळेत मी परत गेले. दुसरं काय करणार. मुली नवी गाणी आणतात, मी बसवते. कुठल्याही गाण्यात मी आता कपाळावर हात धरायची स्टेप देत नाही. सासूबाईंनी मला एकदा विचारलं होतं की माहेरी जायचंय का, किंवा पुन्हा लग्न करायचंय का. त्या म्हणाल्या, माझ्यासाठी थांबू नको, माझं काय, मी वस्तीत राहीन. मी त्यांना सांगितलं की मी त्यांच्यासाठी थांबलेली नाही. मग कशासाठी थांबलीस, असं त्यांनी विचारलं नाही, ते बरं झालं.

या उन्हाळ्यात तो गोरखपूरचा माणूस आला. सुट्टीवर घरी निघाला होता. त्याची गाडी दौंडवरूनच जात होती, तर तो मधेच उतरला. फोन करून पत्ता विचारला आणि दुपारी दारात उभा राहिला, पाठीला बॅग, हातात मिठाईचा खोका. माझ्या मनात त्याचं रूप वेगळंच होतं. तो किरकोळ, शांत माणूस निघाला. सासूबाईंनी त्याला जेवू घातलं. तो खाली बघून जेवत होता आणि मधेमधे सांगत होता. त्या शेवटच्या संध्याकाळी दोघांनी मिळून खिचडी केली होती. भैया खुशीत होते. परत गेल्यावर छोटासा साऊंड पुन्हा घ्यायचा, फक्त हळदीच्या कार्यक्रमांपुरता, असं म्हणत होते. मग दात घासून झोपले. मी सगळं ऐकत होते आणि आईंसाठी मराठीत सांगत होते.

त्याचं जेवण झालं. त्यानं ताट उचलायला हात लावला तर सासूबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"झोपला तवा थंडी वाजत हुती का त्याला?" त्यांनी विचारलं.

मला सांगावं लागलं नाही. त्याला कळलं असावं. "नहीं अम्मा," तो म्हणाला. "हीटर चालू था। दो कंबल थे। मैंने सुबह छुआ तो कंबल अंदर से गरम था।"

शेवटचं ते खरं होतं की नाही मला माहीत नाही, आणि मी विचारलं नाही. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "आई, पांघरूण गरम होतं म्हणतोय."

त्यांनी मान हलवली आणि त्याचं मनगट सोडलं. मग त्या आत जाऊन चटईवर आडव्या झाल्या. मुलगा गेल्यापासून त्यांना दुपारचं झोपलेलं मी बघितलं नव्हतं. त्या दिवशी झोपल्या. आम्ही दोघं ओट्यावर हळू आवाजात बोलत बसलो. त्याच्या पुढच्या गाडीची वेळ झाली तेव्हा त्यानं दारातूनच, त्यांना न उठवता, हात जोडले. मी त्याला स्टेशनपर्यंत सोडायला गेले.